शोक, श्रम आणि धृती : व्यावसायिक स्त्रीचे दुःख आणि मराठी समीक्षेची सवय

१

मराठीत शिकलेल्या आणि व्यवसाय करणाऱ्या स्त्रीच्या नावामागे पुष्कळदा दोन उपाधी लागतात : 'प्रा. सौ.', 'डॉ. सौ.'. यांतील पहिली तिने स्वतःच्या परिश्रमाने मिळविलेली असते. दुसरी नवऱ्याच्या हयातीवर अवलंबून असते. नवरा वारला की दुसरी उपाधी गळते आणि तिच्या जागी 'श्रीमती' किंवा 'गं. भा.' येते. पहिली जागच्या जागी राहते. दवाखाना उघडतो, वर्ग भरतो, हजेरीपटावर सही होते. एकाच नावात जे बदलले आणि जे बदलले नाही अशा दोन गोष्टी शेजारी शेजारी उभ्या असतात. त्यांच्यामधील ताण हा साहित्याचा विषय आहे आणि म्हणून समीक्षेचाही असावयास हवा. परंतु मराठी समीक्षेने सामान्यतः बदललेली उपाधी तेवढी वाचली. न बदललेल्या उपाधीकडे तिने एक तर दुर्लक्ष केले, नाही तर तिला सांत्वनाचे साधन मानले.

ही सवय दोन ठरीव सूत्रांतून व्यक्त होते. स्त्रियांची आत्मचरित्रे, कविता व कादंबऱ्या यांवरील परीक्षणे, प्रस्तावना, गौरवलेख आणि प्रबंध चाळले असता ती वारंवार आढळतात. पहिले सूत्र विरंगुळ्याचे : 'तिने कामात मन गुंतवून दुःख विसरण्याचा प्रयत्न केला.' दुसरे त्यागाचे : 'वैयक्तिक दुःख गिळून तिने समाजाच्या सेवेला वाहून घेतले.' पहिल्यात काम हे शोकावरचे औषध ठरते आणि दुसऱ्यात शोक हे कामाचे भांडवल ठरते. दोहोंमध्ये एक गृहीतक समान आहे. शोक हा घरातला आणि काम हे बाहेरचे. स्त्री या दोहोंमध्ये ये-जा करते, पण शोक कामात शिरत नाही आणि कामाने शोकाचे स्वरूप पालटत नाही, असे ते गृहीतक होय. ते साहित्यकृतींच्या साक्षीवर टिकत नाही.

२

या सवयीचे मूळ केवळ सामाजिक रूढीत नाही; ते समीक्षेच्या परिभाषेतही आहे. शोक हा करुण रसाचा स्थायीभाव. आलंबन, उद्दीपन, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या योगाने तो रसत्वास पोचतो, हा सिद्धांत मराठी अध्यापनात आजही शिकवला जातो. शास्त्राच्या दृष्टीने पाहता गेलेली व्यक्ती किंवा नष्ट झालेली वस्तू हे आलंबन, आणि जिच्या ठायी शोक उत्पन्न होतो ती व्यक्ती आश्रय. व्यवहारातील समीक्षेने मात्र या दोन स्थानांची नकळत अदलाबदल केली आहे. शोक करणारी स्त्री जेव्हा समीक्षेत येते तेव्हा ती आश्रय राहत नाही. तीच आलंबन होते. ज्याला ती मुकली त्याच्याविषयी तिला काय वाटते हा प्रश्न मागे पडतो आणि तिच्याविषयी वाचकाला काय वाटते हा प्रश्न पुढे येतो. शोकाची कर्ती असलेली स्त्री अशा रीतीने दयेचा विषय बनते. तिचे पांढरे कपाळ, तिची लहान मुले, तिचे उन्हातले राबणे ही सारी उद्दीपनाची सामग्री म्हणून मांडली जाते. म्हणजे तिचे कामसुद्धा वाचकाची करुणा वाढविण्यापुरतेच उरते.

याहून सूचक गोष्ट व्यभिचारी भावांच्या यादीत आहे. नाट्यशास्त्रातील तेहतीस व्यभिचारी भावांमध्ये 'श्रम' आहे आणि 'धृती'ही आहे. करुणाच्या परिवारात भरताने श्रमाला जागा दिली. परंतु तेथे त्याचा अर्थ थकवा, शिणवटा असा आहे. धृती आढळते ती वीराच्या परिवारात. प्राचीन रंगभूमीच्या गरजेतून ही वाटणी झाली असेल आणि त्याबद्दल भरताला दोष देण्याचे कारण नाही. दोष आहे तो विसाव्या शतकातील स्त्रीच्या लेखनाला हीच वाटणी डोळे मिटून लावणाऱ्यांचा. शोकाकुल स्त्रीच्या वाट्याला श्रम द्यायचा तो केवळ शीण म्हणून. आणि धृती राखून ठेवायची ती वीरांसाठी. तिच्या ठायी धृती दिसलीच, तर तिला 'सोशिकपणा' हे वेगळे, कमी प्रतीचे नाव द्यायचे. सोशिकपणा म्हणजे येईल ते सहन करणे. धृतीत निश्चय आहे, निवड आहे, पुढचे पाऊल आहे. या दोन शब्दांतील अंतर म्हणजेच प्रस्तुत वादाचा विषय होय.

येथे 'व्यवसाय' या शब्दाचाही विचार केला पाहिजे. आज तो पोटापाण्याच्या उद्योगापुरता उरला असला, तरी संस्कृतात त्याचा अर्थ निश्चय असा आहे; गीतेतही तो निश्चयात्मक बुद्धीच्या संदर्भात येतो. व्यवसाय आणि धृती या एकाच कुळातील संज्ञा आहेत. 'व्यावसायिक स्त्री' म्हणजे केवळ पगारपत्रकावर नाव असलेली स्त्री, असे मानणे म्हणूनच अपुरे आहे. जिचे जगणे एका कामाच्या शिस्तीने बांधलेले आहे, त्या कामाचे ज्ञान जिच्यापाशी आहे आणि त्या ज्ञानातून जी जगाकडे पाहते, ती व्यावसायिक स्त्री. या अर्थाने खानदेशातील या प्रश्नाची पहिली साक्ष एका शेतकरी स्त्रीची आहे.

३

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे जन्मगाव जळगावजवळचे असोदे. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि तिशीच्या सुमारास त्यांना वैधव्य आले. पदरी तीन मुले. त्यांपैकी ओंकार यांना प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आलेले. अक्षरओळख नसलेल्या या स्त्रीने शेतात आणि घरात काम करता करता लेवा गणबोलीत कविता रचली. तिच्या मृत्यूनंतर सोपानदेव चौधरी यांनी ती आचार्य अत्रे यांना दाखविली आणि १९५२ साली अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती प्रसिद्ध झाली. हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. लक्षात घेतला जात नाही तो त्याचा परिणाम. ही कविता मराठी वाचकाच्या हाती पडली तीच मुळी एका मुलाच्या मातृशोकाच्या वेष्टनात. जिचा शोक वाचायचा, तिच्याविषयीचाच शोक वाचकाच्या मनात आधी भरला गेला. आश्रयाचे आलंबन होण्याची जी क्रिया वर सांगितली, तिचे याहून ठळक उदाहरण मराठीत क्वचितच असेल.

त्यानंतरच्या सत्तर वर्षांत बहिणाबाईंवर विपुल लिहिले गेले. 'जीवनविषयक तत्त्वज्ञान', 'निसर्गाशी तादात्म्य', 'श्रद्धा', 'सोशिकता' ही त्या लेखनाची ठरलेली प्रकरणे आहेत आणि विद्यापीठीय प्रश्नपत्रिकांतही तीच फिरून फिरून येतात. वैधव्य हे प्रकरण 'चरित्र' या मथळ्याखाली आटोपते; शेती 'निसर्ग' या मथळ्याखाली जाते. वास्तविक पेरणी, निंदणी, मळणी, उपणणी हा निसर्ग नव्हे. तो व्यवसाय आहे. त्यात कौशल्य आहे, हिशेब आहे, जोखीम आहे आणि वारा कधी पडतो याचे ज्ञान आहे. जात्यावर दळणारा किंवा खळ्यात उपणणारा हात हा निसर्गाचे कौतुक करणारा हात नसतो.

ज्योतिषाला उद्देशून असलेली त्यांची प्रसिद्ध कविता या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. वैधव्याचा उल्लेख तीत स्पष्टपणे येतो. सामान्यतः ती 'दैवाचा स्वीकार' किंवा 'आत्मविश्वास' म्हणून शिकवली जाते. परंतु त्या कवितेतील वाद नीट पाहिला तर तो हाताविषयीचा आहे. ज्योतिषी तळहाताकडे पाहतो तो रेषा वाचण्यासाठी. बोलणारी स्त्री त्याला दारातच अडविते. नशीब म्हणजे तळहातावरच्या रेघा, हेच ती नाकारते. ज्या हाताने शेत कसायचे, त्याच्यावर दुसऱ्या कोणाचे वाचन तिला मान्य नाही. अश्रू आटल्यानंतरही त्या कवितेत शोक संपत नाही; पण त्याचा आधार बाहेर शोधला जात नाही. हा दैवाचा स्वीकार नव्हे, दैवाच्या भाष्यकाराला दिलेला नकार आहे. याला सोशिकपणा म्हणणे हा वाचनातील आळस होय.

हा आळस लिंगनिरपेक्ष नाही, हे दाखवून देणारी तुलना याच जिल्ह्यात उपलब्ध आहे. भालचंद्र नेमाडे यांचे सांगवी हे गाव यावल तालुक्यातले. त्यांची 'कोसला' १९६३ साली प्रसिद्ध झाली. पांडुरंग सांगवीकर याच्या लहान बहिणीचा, मनीचा, मृत्यू हा त्या कादंबरीतील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग मानला जातो. समीक्षेने तो कसा वाचला? अस्तित्वाच्या निरर्थकतेचा साक्षात्कार म्हणून, मूल्यव्यवस्थेच्या कोसळण्याचा क्षण म्हणून, कामूच्या संदर्भात, सार्त्रच्या संदर्भात. तो तसा वाचण्यात काहीही वावगे नाही. परंतु त्याच मातीतील एका स्त्रीचा शोक मात्र ओवीच्या, श्रद्धेच्या आणि लोकशहाणपणाच्या संदर्भातच का वाचला जावा? कॉलेजातून घरी परतलेल्या बेकार तरुणाच्या शोकाला तत्त्वचिंतनाचा दर्जा मिळतो आणि दुसऱ्या दिवशी शेतावर जावे लागलेल्या स्त्रीच्या शोकाला सुभाषिताचा. दोन्ही कृतींच्या गुणवत्तेत तफावत आहे असे कोणी म्हणत नाही. तफावत आहे ती वाचणाऱ्याच्या अपेक्षेत. काम थांबवून जो दुःख करतो तो विचार करतो. काम न थांबवता जी दुःख करते ती केवळ सोसते, असा या अपेक्षेचा अर्थ आहे.

४

नागर, शिक्षित स्त्रियांच्या बाबतीत तरी स्थिती वेगळी आहे काय? रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या ग्रंथाचे उदाहरण घ्यावे. न्यायमूर्ती रानडे १९०१ च्या जानेवारीत वारले. ग्रंथ तेथे थांबतो. परंतु तो लिहिणारी रमाबाई तेथे थांबलेली नव्हती. ग्रंथ प्रसिद्ध होण्याच्या आदल्या वर्षी, १९०९ साली, पुणे सेवासदनाचे काम सुरू झाले होते आणि १९२४ साली मृत्यू येईपर्यंत त्या ते चालवीत होत्या. विधवांना परिचारिकेचे शिक्षण मिळवून देणे हा त्या कामाचा एक महत्त्वाचा भाग होता. म्हणजे ज्या लेखणीने पतीच्या मृत्यूचे वर्णन केले, ती लेखणी धरणारी स्त्री त्याच काळात इतर विधवांना रुग्णाच्या उशाशी उभे राहण्याचा व्यवसाय मिळवून देत होती. समीक्षेने ग्रंथातील मौन पतिभक्तीचे म्हणून वाचले आणि ग्रंथाबाहेरील काम समाजसेवा म्हणून नोंदविले. त्या दोहोंचा परस्परसंबंध तिने तपासला नाही. लोकांच्या विश्वासावर आणि देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेच्या संचालिकेने आपल्या वैधव्याविषयी किती बोलावे आणि कोठे थांबावे, हा तिच्यापुढील व्यावसायिक प्रश्नही असू शकतो. ही शक्यता मान्य केली तर 'आठवणीं'चा शेवट निव्वळ भक्तीचा राहत नाही. तो संयमाने घेतलेला निर्णय ठरतो.

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या बाबतीत दुसरे सूत्र, त्यागाचे आणि प्रेरणेचे, सर्रास वापरले गेले. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांत गेला आणि त्या दुःखातून डॉक्टर होण्याची प्रेरणा मिळाली, ही कथा चरित्रांतून, कादंबरीतून, नाटकातून आणि चित्रपटातून एवढी रूढ झाली आहे की पुढचा तपशील तिच्यापुढे फिका पडतो. तो तपशील असा की, १८८६ साली पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेताना त्यांनी लिहिलेला प्रबंध हिंदू प्रसूतिशास्त्राविषयी होता. ज्या जागी नुकसान झाले, त्याच जागेचा तिने शास्त्र म्हणून अभ्यास केला. प्रेरणेच्या कथेत मूल जाते आणि कथा पुढे सरकते. मूल कारणापुरतेच उरते. प्रबंधाच्या अंगाने पाहिले तर ते नुकसान कोठेच मागे पडलेले नाही. त्याचे ज्ञानविषयात रूपांतर झाले आहे. पहिल्या वाचनात शोक ही शिडी आहे, दुसऱ्यात ते अभ्यासक्षेत्र आहे. १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाच्या बाविसाव्या वर्षात, त्यांचा अंत झाला आणि चरित्रकारांना आणखी एक करुण शेवट मिळाला. प्रबंध मात्र बहुतेकांनी नावापुरता उल्लेखून सोडून दिला.

पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी' (१९२८) या सूत्रांना सरळ छेद देते. विसाव्या वर्षी वैधव्य आलेली ही स्त्री हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करणारी झाली. १९१२ साली तिने केशवपन सोडले. १९१८ साली, इंग्रजी फारसे येत नसताना, ती अमेरिकेला गेली आणि तेथे लोकांच्या घरी काम करून राहिली. तिच्या निवेदनात वैधव्य हे एकदा घडून गेलेले दुःख नाही. वर्गणीसाठी ज्या ज्या दाराशी ती उभी राहिली, त्या त्या दाराशी तिचा वेष तिच्या आधी बोलत होता. शोकाचा पोशाख हाच तिच्या व्यवसायातील अडसर होता आणि तिची ओळखही. येथे शोक घरी ठेवून कामाला जाता येत नाही. मराठी समीक्षेने या पुस्तकाला 'समाजसुधारणेचा दस्तऐवज' म्हणून जपून ठेवले. आत्मचरित्र म्हणून त्याची घडण क्वचितच तपासली.

५

आधुनिक साहित्यात हा प्रश्न संपला असे समजण्याचे कारण नाही. तो फक्त अधिक गुंतागुंतीचा झाला. शांता गोखले यांच्या 'रीटा वेलिणकर' (१९९०) या कादंबरीची नायिका नोकरी करणारी, घराचा भार वाहणारी स्त्री आहे. विवाहित वरिष्ठाशी असलेल्या दीर्घ संबंधाच्या शेवटी ती मनाने कोसळते. तिने गमावले ते काय, हे सांगण्यासाठी समाजापाशी शब्द नाही. ती सौभाग्यवती नव्हती, म्हणून ती विधवाही होऊ शकत नाही. तिच्या नावामागील कोणतीही उपाधी बदलत नाही. ज्या शोकाला उपाधी नाही, तेरावा नाही, भेटायला येणारे नातेवाईक नाहीत, तो शोक रुग्णालयातील खाटेवर 'आजार' म्हणून नोंदला जातो. या कादंबरीची चर्चा नातेसंबंध आणि स्त्रीमुक्ती या अंगांनी झाली. परंतु ज्या कार्यालयात हे नाते घडले आणि मोडले, तेच कार्यालय तिच्या स्वत्वाचेही ठिकाण होते, या गोष्टीचा विचार फारसा झाला नाही. नाते गेले तर काम उरते, हा विरंगुळ्याच्या सूत्राचा दिलासा येथे निरुपयोगी आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर आयदाने विणणारी आई आणि पुढे सरकारी नोकरी करणारी, लिहिणारी, स्वतःच्या मुलाचा मृत्यू सोसणारी लेक, अशा दोन पिढ्या त्यात आहेत. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांचे नाते लेखिकेने स्वतःच जोडले आहे आणि ते वेदनेच्या धाग्याने जोडले आहे. येथे विणणे हे दुःख विसरण्यासाठी नाही; पोटासाठी आहे, आणि दुःख त्या विणीतच आहे. शोकाला स्वतंत्र वेळ मिळणे ही ज्यांना परवडते त्यांची सोय असते, हे दलित स्त्रीच्या आत्मकथनाने जितक्या स्पष्टपणे दाखविले, तितके मध्यमवर्गीय आत्मचरित्राने दाखविले नाही. जी समीक्षा शोकासाठी निवांतपणाची अट घालते, तिची जात आणि वर्ग दोन्ही येथे उघड होतात.

फ्रॉइडने १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात शोकाचे वर्णन करताना 'काम' हाच शब्द वापरला, हे येथे आठवावे. गमावलेल्या व्यक्तीशी जोडलेली एकेक स्मृती पुढे घेऊन, तिच्यापासून मनाला हळूहळू सोडविणे हे एक श्रमाचे, वेळ खाणारे काम आहे, असे त्याचे प्रतिपादन आहे. शोक हा निष्क्रिय नसून सक्रिय आहे, ही त्यातील ग्राह्य बाजू. परंतु हे काम एके दिवशी पुरे होते आणि मन मोकळे होते, ही त्याची कल्पना आयदानाच्या विणीपुढे किंवा बहिणाबाईंच्या जात्यापुढे तोकडी पडते. जेथे रोजचे काम आणि शोकाचे काम एकाच हाताने चालते, तेथे 'पुरे झाले' असे म्हणण्याचा दिवस येत नाही. पाश्चात्त्य सिद्धांत उसना घ्यायचा तर त्याची येथल्या साहित्यासमोर अशी परीक्षा व्हावयास हवी. नाही तर करुण रसाच्या जागी 'मेलॅन्कोलिया' एवढाच फरक व्हायचा.

६

या साऱ्या प्रश्नाला ग्रंथालयाबाहेर एक कठोर वास्तव आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपात झालेल्या नोकरदार स्त्रीला सहा आठवड्यांची पगारी रजा मान्य केली. नुकसानीला दिवसांचे माप लावणारी ही भाषा रुक्ष खरी. पण काम करणाऱ्या स्त्रीचे नुकसान हा कामाच्या ठिकाणचाही प्रश्न आहे, हे कायद्याला कळले. साहित्यसमीक्षेला ते उशिराही कळू नये, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. शासकीय कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर गट क आणि गट ड मध्ये दिली जाणारी अनुकंपा नियुक्ती हा तर याहून विलक्षण प्रकार. तेथे स्त्री व्यावसायिक होते ती नवरा गेल्यामुळे. कधी कधी त्याच खात्यात, त्याला ओळखणाऱ्या माणसांमध्ये तिचे टेबल लागते. तिची नेमणूक हीच तिच्या वैधव्याची रोजची नोंद असते. नियुक्तीच्या नावातच 'अनुकंपा' आहे : शासनानेही तिला आश्रयाऐवजी आलंबनच मानले आहे. जळगाव-धुळ्याच्या कचेऱ्यांत, शाळांत, आगारांत अशा स्त्रिया पिढ्यान् पिढ्या काम करीत आल्या आहेत. मराठी कथेत त्यांना जागा किती मिळाली आणि मिळाली तेथे समीक्षेने ती पाहिली काय, हे ज्याने त्याने तपासावे.

शेतकरी आत्महत्येनंतरचा प्रकारही असाच. कर्ज कोणाचे, सातबारा कोणाच्या नावे, वसुलीचा तगादा होता की नव्हता, यांची छाननी होऊन प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरते आणि पात्र ठरल्यास एक लाखाची मदत मिळते. शोकाची पात्रता ठरविणारी ही भाषा आहे. पुढच्या हंगामात तेच शेत कसणारी स्त्री मात्र या भाषेत 'वारस' असते, शेतकरी नसते. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. नाव दिले ते योग्यच. परंतु ज्या विद्यापीठाच्या नावात एक विधवा शेतकरी स्त्री आहे, त्याच्या परिसरात तरी शेती करणाऱ्या विधवेकडे निसर्गकन्या म्हणून नव्हे, तर व्यवसाय जाणणारी स्त्री म्हणून पाहण्याची पद्धत रूढ व्हावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

भाषेचा हा झगडा अजून मिटलेला नाही. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा-प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनानेही इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. त्यानंतर वर्षभराच्या आतच, एप्रिल २०२३ मध्ये, विधवांसाठी 'गंगा भागीरथी' हा शब्द योजण्याचा प्रस्ताव शासनस्तरावर चर्चेला आला आणि त्यावर वाद उठला. एकीकडे कुंकू न पुसण्याचा ठराव, दुसरीकडे नवी-जुनी उपाधी. दोन्ही ठिकाणी विचार झाला तो चिन्हाचा. त्या स्त्रीच्या हातच्या कामाचा विचार दोन्ही ठिकाणी अनुपस्थित आहे.

७

या प्रतिपादनावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, हे समाजशास्त्र झाले, समीक्षा नव्हे. त्याला उत्तर एवढेच की ज्योतिषाच्या कवितेतील हात, 'आठवणीं'चा शेवट, 'आयदाना'तील विणीची प्रतिमा हे सारे संहितेतील घटक आहेत. त्यांचा अर्थ लावताना काम वगळणे हीच असाहित्यिक कृती होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्त्रियांनी स्वतःच 'कामाने सावरले' असे सांगितले असेल तर समीक्षकाने ते का नाकारावे? ते नाकारण्याचे कारण नाही. तेवढ्यावर थांबू नये, इतकेच. 'सावरले' हे लोकांत बोलण्याचे वाक्य आहे. भेटायला आलेल्याला ते सांगितले जाते आणि त्याची जाण्याची वाट मोकळी होते. साहित्यकृती त्या वाक्याच्या मागे जे ठेवते ते वाचणे हे समीक्षकाचे काम. भेटायला आलेल्या नातेवाइकाप्रमाणे त्यानेही त्या वाक्यावर समाधान मानून उठावे, हे त्याच्या व्यवसायाला शोभत नाही.

तिसरा आक्षेप स्त्रीवादी समीक्षेकडून येईल : वैधव्याची चिकित्सा तिने केलीच आहे. केली आहे, आणि त्याचे श्रेय निर्विवाद आहे. वैधव्य ही दैवी आपत्ती नसून समाजाने उभी केलेली संस्था आहे, हे तिने दाखवून दिले. परंतु तिच्या पुष्कळशा लेखनात स्त्री शोषणाची साक्षीदार म्हणून येते आणि काम हे मुक्तीचे साधन म्हणून. विरंगुळ्याच्या जागी मुक्ती आली. सूत्राचा साचा तोच राहिला. शोकामुळे कामाची जाण कशी बदलते, कामामुळे शोकाला कोणती भाषा मिळते, हे प्रश्न तेथेही पुरते विचारले गेले नाहीत.

८

हा वाद शेवटी वर्गात येऊन थांबतो. खानदेशातील महाविद्यालयांत एम. ए. मराठीच्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थिनींत शिक्षिका असतात, परिचारिका असतात, अंगणवाडी सेविका असतात, सुटीच्या दिवशी शेतावर जाणाऱ्या असतात. त्यांतील काहींनी नवरा, मूल, भाऊ किंवा आई गमावलेली असते आणि दुसऱ्या आठवड्यात त्या कामावर रुजू झालेल्या असतात. त्यांच्यापुढे बहिणाबाई 'सोशिकतेची मूर्ती' म्हणून ठेवली जाते तेव्हा त्यांना त्यांच्या स्वतःच्या अनुभवाविषयीही एक निर्णय सांगितला जातो : तुमचे कामावर जाणे हा विचार नव्हता, तो केवळ सोसण्याचा प्रकार होता. प्रश्नपत्रिकेत त्यांनी हेच लिहायचे असते आणि त्याचे गुण मिळवायचे असतात. ज्यांना स्वानुभवाने हे उत्तर खोटे आहे हे ठाऊक असते, त्यांनाच ते पाठ करावे लागते. चुकीच्या वाचनाची किंमत समीक्षकाला पडत नाही. ती अशा बाकांवर वसूल होते.

म्हणून अभ्यासक्रमात नवी पुस्तके घालण्याआधी जुन्या पुस्तकांवरचे प्रश्न बदलले पाहिजेत. 'बहिणाबाईंच्या काव्यातील श्रद्धा स्पष्ट करा' याऐवजी त्यांच्या कवितेत शेतीचे ज्ञान आणि मृत्यूचे ज्ञान एकमेकांना कसे भेटतात, असे विचारता येईल. रमाबाईंच्या ग्रंथात त्या जेथे थांबल्या तेथेच का थांबल्या, असे विचारता येईल. रीटाच्या शोकाला नाव का नाही, आयदान विणणाऱ्या आईच्या शोकाला सुटी का नाही, असे विचारता येईल. या प्रश्नांची उत्तरे तयार पुस्तकांत सापडणार नाहीत. श्रम म्हणजे केवळ शीण नव्हे आणि धृती ही वीरांची मिरास नव्हे, एवढे मान्य केले तरी ती शोधण्यास सुरुवात होईल.